लाईट फडफडायला लागली की काय करायचं: बर्फाचं वादळ आणि नवीन घर

गेल्या जानेवारीत रात्री अकराला मावसभावाचा फोन. "दादा, हॉलमधले दिवे एकदम पांढरेफटक झालेत आणि किचनमधले पिवळट मिणमिणते, बाहेर फ्रीझिंग रेन चालू आहे, काय करू?" आम्ही दोघंही मॅसॅच्युसेट्समध्येच, मी इथला जुना, तो नवा, घर घेऊन जेमतेम चार महिने झालेले. मी म्हटलं आधी बेसमेंटमध्ये जा, पॅनेलचा मेन स्विच ऑफ कर, मग बोलू. तो म्हणाला सगळंच बंद? थंडी वाजेल की. म्हटलं वाजू दे, आधी ऑफ कर. का ते पुढे सांगतोच, पण त्या रात्री तासभर फोनवर जे काही बोललो ते लिहूनच काढावं म्हटलं, कारण दर हिवाळ्यात कोणीतरी हेच विचारतं आणि नेमकं वादळ डोक्यावर आल्यावर विचारतं.

कसंय, आपण लोडशेडिंगमध्ये वाढलेली माणसं. कंदिलाची काच पुसणं, चिमणीत घासलेट भरणं, कोणत्या वेळी लाईट जाणार ते तोंडपाठ असणं, हे सगळं केलंय. त्यामुळे लाईट गेली म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. इथे ते शिक्षण अर्धंच कामाला येतं आणि उरलेलं अर्धं कधीकधी जिवावर बेततं. तिकडे लाईट गेली की अंधार व्हायचा, इथे लाईट गेली की घर गार पडतं. घर तापवणारा गॅसचा फर्नेस असला तरी त्याचा पंखा आणि कंट्रोल बोर्ड विजेवर, तेलाचा बॉयलर असला तरी बर्नर आणि पंप विजेवर, पूर्ण विजेवरच घर तापवणाऱ्या हीट पंपचं तर विचारूच नका. आणि गार पडलेल्या घरात आपल्या डोक्यात पहिली गोष्ट येते ती म्हणजे शेगडी. तिच्याबद्दल पुढे बोलूच, तिथे मी जरा ओरडणार आहे.

आधी हे लाईटचं नक्की होतं काय ते. भुसभुशीत कोरडा बर्फ फूटभर पडला तरी बऱ्याचदा काही होत नाही, झाडांवरून घसरून जातो. त्रास असतो ओल्या जड बर्फाचा आणि त्याहून फ्रीझिंग रेनचा, म्हणजे वर आकाशात हवेचा उबदार थर असतो, त्यातून पाऊस म्हणून पाणी पडतं, पण जमिनीलगतची हवा गोठणबिंदूच्या खाली असते म्हणून ते पाणी ज्याला शिवेल त्यावर काचेसारखं गोठतं, फांदी, तार, पायऱ्या, गाडी सगळं. सकाळी ऊन पडलं की दिसतं अप्रतिम, पण त्या थराचं वजन फांदीला पेलत नाही. आपल्या इकडच्या जुन्या गावांत तारा सगळ्या खांबांवरून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओक आणि मेपल, मग काय. ठिकाणानुसार पाव ते अर्धा इंच थर साठणार असं दिसलं की हवामान खातं साधारण आइस स्टॉर्म वॉर्निंग काढतं, तेव्हा फोनवर 'आइस' हा शब्द दिसला की 'स्नो'पेक्षा जास्त घाबरा.

११-१२ डिसेंबर २००८ ची रात्र मला अजून आठवते, मी तेव्हा न्यू हॅम्पशायरच्या दक्षिणेला भाड्याने राहायचो. रात्रभर फांद्या मोडायचा आवाज, लांब कुठेतरी सुतळी बॉम्ब वाजावेत तसा, आणि मधूनच ट्रान्सफॉर्मर उडाल्याचा निळा-हिरवा उजेड. काही गावांत दोन आठवडे लाईट नव्हती. जानेवारी १९९८ चं वादळ तर कॅनडातल्या क्वीबेक, ओंटारिओपासून इकडच्या मेन राज्यापर्यंत पसरलं होतं, हायटेन्शनचे टॉवर कागदाचे असावेत तसे आडवे झाले आणि काहींनी महिनाभर अंधार काढला. आणि हिवाळाच लागतो असंही नाही, २०११ मध्ये २९ ऑक्टोबरलाच बर्फ पडला होता, झाडांवर पानं शाबूत होती, त्या पानांवर ओला बर्फ साठला आणि कनेक्टिकटपासून न्यू जर्सीपर्यंत झाडं तारांवर पडली. तेव्हा ऑक्टोबर उजाडला की तयारीला लागा, डिसेंबरची वाट बघू नका.

आता फडफडणं. लाईट फडफडते म्हणजे एकच गोष्ट होत नसते, चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. म्हणून पहिलं काम खिडकीशी जा आणि समोरच्याचं घर बघा. त्याचेही दिवे तुमच्याबरोबरच लुकलुकत असतील तर भानगड रस्त्यावर आहे, त्याचे शांत असतील तर भानगड तुमच्या घरात किंवा खांबापासून घरापर्यंत येणाऱ्या वायरीत आहे. एवढ्या एका गोष्टीने निम्मी काळजी तरी मिटते नाहीतर निम्मी वाढते.

सगळी गल्ली दोन-तीनदा जाऊन येते आणि मग एकदम जाते, हे सगळ्यात कॉमन. लाइनवर रिक्लोजर नावाचा आपोआप चालू-बंद होणारा ब्रेकर असतो, फांदी तारेला घासली की तो उघडतो, काही सेकंदांनी परत जोडून बघतो की फांदी पडली का, अजून घासतेय असं दिसलं की परत उघडतो, आणि दोन-तीन प्रयत्न झाले की नाद सोडतो. म्हणजे ते फडफडणं ही यंत्रणा नीट चालल्याची खूण आहे, पण तुमच्यासाठी तो शेवटचा इशारा. पहिल्या फडफडीला उठा, फोन चार्जिंगला लावा, ज्या वस्तूंच्या पिना काढायच्यात त्या काढा, शेवटचा गरम चहा करून थर्मासमध्ये भरा.

सगळ्या घरात लाईट डिम झालीय आणि डिमच राहिलीय, हे जास्त वाईट. गेली तर काही जळत नाही, अर्धवट असली तर जळतं. व्होल्टेज कमी पडलं की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते आणि तापते, म्हणून फ्रिज, फ्रीझर, बेसमेंटमधलं पाणी उपसणारा संप पंप, हीट पंप आधी बंद करा. गावाकडे फ्रिजला स्टॅबिलायझर लावायचो ते ह्याचसाठी. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, पंधरा-वीस डॉलरचा, तो किचनमध्ये कायम लावून ठेवा. ११४ ते १२६ च्या मध्ये काटा असेल तर निवांत, ११० च्या खाली रेंगाळला तर मोटरवाल्या वस्तू बंद, १३० च्या वर गेला तर थेट मेन ऑफ.

आणि आता मावसभावाचं प्रकरण, काही दिवे जास्त तेज आणि काही मंद. ह्याला थांबायचं नसतं. इथे घरात दोन 'गरम', म्हणजे वीज आणणाऱ्या, वायरी येतात, प्रत्येकीवर १२० व्होल्ट, आणि मध्ये न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर. घरातल्या वस्तू दोन्हीकडे वाटलेल्या असतात आणि कपड्यांचा ड्रायर, इलेक्ट्रिक रेंज (शेगडी-ओव्हन) अशा मोठ्या वस्तू दोन्हींमध्ये मिळून २४० वर चालतात. न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला की ती वाटणी बिघडते, एका बाजूला नव्वद होतात तर दुसऱ्या बाजूला दीडशे, आणि किचनमधला टोस्टर चालू केला की हॉलमधला दिवा तेज होतो असले चमत्कार दिसायला लागतात. गावाकडे डीपीवर न्यूट्रल गेला की अख्ख्या आळीतले टीव्ही एका दमात उडायचे ना, त्याचाच हा इकडचा चुलत भाऊ. मेन ऑफ करायचा, वीज कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला फोन लावायचा आणि शब्द असेच वापरायचे की काही दिवे तेज, काही मंद, न्यूट्रल गेल्यासारखं वाटतंय. "लाईट फ्लिकर होतेय" एवढंच सांगितलं तर तुम्ही हजार लोकांच्या रांगेत जाता. घर अर्धं चालू आणि अर्धं बंद असेल, ड्रायर ढिम्म असेल, तर एक गरम वायर गेलीय, तिथेही फोन वीज कंपनीलाच करायचा.

एकच दिवा फडफडत असेल तर बल्ब घट्ट करा, नाहीतर डिमर आणि एलईडीचं जमत नसतं, वादळाचा काही संबंध नाही. एका खोलीतलं सगळंच फडफडतंय, बोर्ड गरम लागतोय किंवा जळका वास येतोय, तर तो ब्रेकर बंद आणि इलेक्ट्रिशियन, उगाच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका.

एक गोष्ट मात्र घर घेताना कोणी सांगत नाही. खांबापासून येणारी वायर साधारणपणे कंपनीची असते, पण ती तुमच्या भिंतीवर ज्या पाइपातून खाली येते तो पाइप आणि त्याचं वरचं टोपी असलेलं तोंड तुमच्या मालकीचं. फांदी पडून तो पाइप उखडला तर कंपनी म्हणते आधी तुमच्या खर्चाने इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या मग आम्ही जोडू, आणि वादळानंतर इलेक्ट्रिशियन मिळणं म्हणजे गणपतीत कोकणात जायचं तिकीट मिळण्यासारखं. म्हणून त्या वायरीच्या वर लोंबणारी फांदी सप्टेंबरमध्ये कापून घ्या, स्वतः शिडीवर चढून नाही, माणूस बोलावून.

वस्तू वाचवायचं म्हणाल तर माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या घरात मी टीव्ही, राउटर, सगळं एका सहा सॉकेटच्या पट्टीला लावलं होतं आणि मला वाटायचं तो सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेजचा झटका अडवणारा, आहे. ती नुसती पट्टी होती. लाईट परत येताना जो झटका आला त्यात टीव्ही गेला, आणि फर्नेसचा कंट्रोल बोर्डही गेला, म्हणजे लाईट आली तरी घर थंडच. पट्टी घेताना पाकिटावर जूल्सचा आकडा लिहिलाय का बघा, आकडा नसेल तर ती फक्त एक्सटेन्शन आहे. आकडा जितका मोठा तितकी ती जास्त झटके खाऊ शकते, पण कायमची नसते, बहुतेकांवर एक छोटा दिवा असतो, तो विझला की पट्टी वीज देत राहते पण वाचवत नाही. आणि फर्नेस, डिशवॉशर, रेंज ह्यांना पट्टी लावायची सोयच नाही म्हणून पॅनेललाच अख्ख्या घराचा सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्यावा, माझ्या मते इनव्हर्टर-बिनव्हर्टरच्या आधी हे. पण ढिल्या न्यूट्रलपुढे हे काहीच पुरं पडत नाही हेही लक्षात ठेवा, झटका क्षणाचा असतो, न्यूट्रलचं जास्तीचं व्होल्टेज तासन्‌तास चालतं. तिथे पिन काढणं हाच उपाय.

राउटरला छोटा यूपीएस लावा, राउटर फार कमी वीज खातो, दोन-तीन तास निघतात, आणि फडफडीत दर वेळी परत चालू व्हायला जी पाच मिनिटं लागतात ती वाचतात. बॅटरीची मोठी पॉवर स्टेशन आता मिळतात, हजार वॅट-अवरची एक असली तर फ्रिज अर्धा दिवस निघतो. पण फर्नेस चालवू म्हणाल तर त्याला पिन नसते, तो भिंतीत थेट जोडलेला असतो, आधी इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच, म्हणजे बाहेरची लाइन तोडून बॅटरी किंवा जनरेटर जोडणारा स्विच, बसवावा लागतो. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर ड्रायरच्या सॉकेटमधून घरात सोडायचा जुगाड आपल्यातले काही हुशार लोक करतात, तो करू नका. ती वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर जाते, वर चढून हजारो व्होल्टची होते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला मारते.

आता शेगडी.

घर गार पडलं की बार्बेक्यूचा कोळसा आत आणावासा वाटतो, गॅसच्या शेगडीचे चारही बर्नर लावून बसावंसं वाटतं, गॅरेजमध्ये गाडी चालू करून हीटर लावावासा वाटतो. आपल्या आज्ज्या शेगडी घेऊन बसायच्या आणि त्यांना काही झालं नाही असं सांगणारा कोणीतरी असतोच. अहो त्या घरांना कौलं होती, दारं-खिडक्यांना फटी होत्या, धूर निघून जायचा. इथलं घर हवा बाहेर जाऊ नये म्हणूनच बांधलेलं, त्यात कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस झोपतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरांची आणि दुकानांची लाईट गेली, सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं दगावली, बरीचशी थंडीने, पण काही ह्या गॅसनेही. तेव्हा कोळसा घरात नाही, गॅरेजमध्येही नाही, दार उघडं ठेवूनही नाही. जनरेटर घरापासून निदान वीस फूट लांब, धूर घराकडे येणार नाही असा. गॅसच्या शेगडीवर चहा-भात करायला हरकत नाही, काडीने पेटते, खिडकी किंचित उघडा, पण घर तापवायला ती नाही. आणि बॅटरीवर चालणारा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांच्या बाहेर. तो वाजला तर बॅटरी काढून गप्प करू नका, सगळे बाहेर पडा आणि मग ९११.

ह्यातलाच एक छुपा प्रकार, नवीन फर्नेसचा धूर चिमणीतून नाही तर भिंतीतल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर जातो, जमिनीपासून फूट-दोन फुटांवर. वाऱ्याने बर्फ साचून तो बुजतो. लाईट असली तरी दर काही तासांनी फावडं घेऊन तिथला बर्फ काढायचा. गाडीत बसून फोन चार्ज करणार असाल तर आधी गाडी बाहेर काढा आणि सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा. आणि गाडी बाहेर काढणार कशी? पहिल्या वादळात माझी गाडी आतच अडकली होती, कारण गॅरेजचं दार विजेवर आणि वर लोंबणारी लाल दोरी ओढली की ते हाताने उघडतं हे मला माहीतच नव्हतं. आजच एकदा ओढून बघा, दार बंद असताना.

मग ऊब कशी राखायची तर एक खोली निवडा, छोटी, शक्यतो दक्षिणेकडची, आणि सगळ्यांनी तिथेच. दाराखाली टॉवेल, खिडकीला ब्लँकेट, जमिनीवर गाद्या, आणि सामानातून आणलेली गोधडी असेल तर तिचे दिवस आले समजा. वादळाच्या आधी, लाईट असतानाच, थर्मोस्टॅट चार-पाच डिग्री वर चढवून घर तापवून ठेवलं की तेवढे तास जास्त मिळतात. लाईट नुसती फडफडतेय, गेली नाही, अशा वेळी इलेक्ट्रिक हीटर लावायचा मोह होतो, तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, पट्टीत कधीच नाही, १५०० वॅटचा हीटर साडेबारा अँपिअर खातो आणि खोलीचा ब्रेकर बहुतेक १५ चा असतो. दुसरा हीटर त्याच ब्रेकरवर लावलात की टप्प. पडद्यापासून, अंथरुणापासून तीन फूट लांब.

आई-बाबा इंडियाहून आलेले असतील किंवा घरात बाळ असेल, कोणाला ऑक्सिजन किंवा झोपेत श्वासाला मदत करणारं मशीन लागत असेल, तर हिंमत दाखवत बसू नका. वीज कंपनीकडे मेडिकल गरज म्हणून आधी नाव नोंदवता येतं, आणि २११ ह्या मदतीच्या नंबरला फोन केला की जवळचं वॉर्मिंग सेंटर, म्हणजे उबेला जाऊन बसायची जागा, कळतं. मित्राकडे लाईट असेल तर सरळ त्याच्याकडे जा, इतकी वर्षं पॉटलकला जाता ते कशासाठी.

पाण्याचे पाइप हा वेगळाच विषय आहे, थोडक्यात सांगतो. बाहेर २० फॅरनहाइट, म्हणजे उणे सहा-सातच्या खाली गेलं आणि घर तापत नसेल तर बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा, गरम-थंड दोन्ही, आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे खोलीतली ऊब आत जाते. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठाय ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. पाइप गोठतो तेव्हा कळत नाही, वितळतो तेव्हा छतातून कळतं. विहिरीचं पाणी असेल तर पंप विजेवर, म्हणून बाथटब आधीच भरून ठेवा, निदान फ्लशला होतं.

खाण्याची आपल्याला काळजी नाही. दडपे पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लाडू, चिवडा, खाकरे, आपल्या डब्यांमध्ये आठवडाभराचं वादळ आरामात बसतं. फ्रिज मात्र सारखा उघडून बघू नका. बंद राहिला तर चार तास, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा, नंतर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून परत गोठलंय, मटार, नारळ, आईने करून ठेवलेले मोदक, सगळं टाका, जीव तुटला तरी.

तार खाली पडलेली दिसली तर ती मेलीय असं धरून चालू नका, टीव्ही-इंटरनेटच्या केबलची वाटली तरी. निदान पस्तीस फूट लांब राहा आणि ९११. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायच्या घाईत लोक हेच विसरतात.

लाईट आली की आनंदाने सगळं एकदम लावू नका. जाते तेव्हाच मोठ्या वस्तूंचे ब्रेकर ऑफ करायचे आणि एक दिवा चालू ठेवायचा, तो पेटला की कळतं. पेटल्यावर दहा मिनिटं बघायचं फडफडतोय का, मग आधी फर्नेस, मग फ्रिज, मग गीझर, एकेक करून, कंप्रेसरवाल्या वस्तूंना मध्ये पाच मिनिटं द्यायची.

मावसभावाकडे लाइनमन पहाटे दोनला आला, बकेट ट्रकमधून वर गेला, बर्फाच्या ओढीने न्यूट्रलचा क्लॅम्प ढिला झाला होता, वीस मिनिटांत बदलून गेला, त्यांच्याच बाजूचं काम असल्यामुळे पैसेही लागले नाहीत. मेन ऑन करताना मी फोनवरच होतो, एकेक ब्रेकर वर करत गेला, फर्नेस लागला, फ्रिज लागला, मग थोडा वेळ शांतता. "दादा, मायक्रोवेव्ह गेलाय." म्हटलं कोणत्या बाजूला होता? "जिथले दिवे पांढरे झाले होते ना, त्या बाजूला."